कोपर दुखतंय, पण पडलो तर नाही

दिंडोरी तालुक्यात मामांची तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली, पेठ-सुरगाण्याकडची मजूर मंडळी पुढच्या बागेत गेली आणि आठवडाभरात मामांचं उजवं कोपर ठणकायला लागलं. पडले नव्हते, कुठे आपटलं नव्हतं, सूजही नव्हती. पण चहाचा कप उचलला की कळ, बाटलीचं झाकण पिळलं की डोळ्यांपुढे काजवे. मामींच्या मते वात, मामांच्या मते हाड वाढलेलं. दोन महिने बाम चोळण्यात गेले. मग "एकदाचा एमआरआय काढून टाकू, डोक्याला ताप नको," असं म्हणत ते नाशिकला माझ्याकडे आले.

हाडांच्या डॉक्टरांनी मात्र यंत्राचं नावही काढलं नाही. "काका, एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे?" मामांनी कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्यावर बोट ठेवलं. मग मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि डॉक्टरांनी ते वरून दाबून धरलं. मामा ओरडलेच. निदान तिथेच निम्म्याहून जास्त झालं होतं: टेनिस एल्बो.

जन्मात रॅकेट न धरलेल्या माणसाला टेनिस एल्बो, म्हणजे थट्टाच. खरं तर हे दुखणं लॉन टेनिसपेक्षा जुनं. रुंग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्या हातांच्या संदर्भात. लॉन टेनिसचं पेटंट १८७४ चं. छाटणीची कात्री दाबताना बोटं मिटतात, पण मनगट आत वळू नये म्हणून त्याच वेळी हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ते ताणून धरतात. हा सगळा ताण जातो त्या उंचवट्यावर, जिथे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, रोवलेली असते. दिवसभर काडीमागून काडी कापली की ती थोडी थोडी उसवते आणि शरीराची डागडुजी मागे पडते. अमेरिकेतले शल्यविशारद रॉबर्ट निर्शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७९ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा कंडरांबद्दल लिहिलं. नेहमीच्या दाहाऐवजी त्यांना आढळले विस्कटलेले धागे आणि वेड्यावाकड्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

तरीही आधी एक्स-रे झाला. त्यात कंडरा दिसत नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. तो काढतात ते सांध्यातली फट कमी झालीय का, हाडाचा सुटा तुकडा आत अडकलाय का, कंडरेत चुना साठलाय का, हाडात गाठ तर नाही, हे बघायला. मला त्यातली एक खूण फार आवडते. कोपराच्या मागच्या खळग्यात चरबीची छोटी गादी लपलेली असते. कोपर काटकोनात वाकवून बाजूने एक्स-रे काढला, तर निरोगी माणसात ती दिसत नाही. सांध्यात पाणी भरलं की ते गादीला बाहेर ढकलतं आणि हाडामागे काळी पट्टी उमटते. मार लागलेला नसताना ती दिसली, तर संधिवात, युरिक ॲसिड, जंतुसंसर्ग, आपल्याकडे क्षयसुद्धा, अशी शोधाशोध सुरू होते. किरणांची धास्ती नको. कोपराच्या एक्स-रेत मिळतात तेवढे किरण निसर्गातून काही तासांत आपल्या अंगावर पडतच असतात.

मामांचा एक्स-रे स्वच्छ निघाला. हाड वाढलेलं नाही हे ऐकून ते जरा खट्टूच झाले.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक. त्याच्याखालीच बसून मामा कुजबुजले, "अरे, हे बायकांचं ना?" पोटाच्या सोनोग्राफीत साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्या खोलवर जातात. कोपराची कंडरा कातडीखाली जेमतेम सेंटीमीटरभर, म्हणून तिथे १० च्या वरच्या लहरी चालतात: पोच कमी, पण बारकावा जास्त. निरोगी कंडरा पडद्यावर केरसुणीच्या काड्या शेजारी शेजारी मांडाव्यात तशी उजळ, रेषारेषांची दिसते. मामांच्या कंडरेत हाडाजवळ एक जाडसर काळपट डाग होता, आणि डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावल्यावर त्यात लाल ठिपके लुकलुकायला लागले. त्याच त्या नको तिथे फुटलेल्या रक्तवाहिन्या.

पण डॉक्टर लगेच काही बोलले नाहीत. प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा, हलकेच इकडे तिकडे कलवून पाहत राहिले. लहरी कंडरेवर सरळ काटकोनात पडल्या नाहीत, तर चांगली कंडराही काळी दिसते. प्रोब कलवल्यावर जो डाग नाहीसा होतो, तो डाग नव्हताच. एमआरआयलाही असाच चकवा लागतो: कंडरा चुंबकाच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांत आली, तर काही चित्रांत ती उगाच चमकते आणि आजारी वाटते. शिवाय पुष्कळदा पालथं झोपून दुखरा हात डोक्यापुढे लांब करून निश्चल पडून राहावं लागतं. मामांना ते जमलं असतं, असं मला वाटत नाही.

एमआरआयची खरी गरज पडते ती वेगळ्या प्रश्नांना. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज क्रिकेटची फेकी करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं कोपर दुखतंय आणि मध्येच अडकतंय, तर कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडावरचं गुळगुळीत अस्तर, आणि तिच्याखालच्या हाडाचा तुकडा सैल होत असण्याची शंका येते. सुरुवातीला एक्स-रे इथे चकवू शकतो. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर गोष्ट नसेची. तिथे सोनोग्राफीची गंमत अशी की, कोपर वाकवताना नस हाडावरून टुणकन उडी मारते का, हे समोर बघता येतं. रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप किंवा सूज असेल, तर मात्र बाम चोळत बसू नये.

शेवटी डॉक्टरांनी मामांचा डावा हात घेतला. न दुखणारा. तिथेही एक फिकट काळपट डाग निघाला. मामांनी पडद्याकडे बघत विचारलं, "मग हे का नाही दुखत?" चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या कोपरांतही असे बदल सापडतात, चित्राला दुखणं दिसत नाही, म्हणून आधी बोट कुठे जातं ते बघायचं, असं काहीसं डॉक्टर बोलले.

उपचार साधे निघाले: पट्टा, हलक्या वजनाचे व्यायाम, आणि कात्रीला सुट्टी. मामांनी स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं विचारलं. काही आठवडे छान वाटतं, पण वर्षानंतर पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बरे निघतात, हे अभ्यासांत दिसलंय, असं सांगून डॉक्टरांनी ते टाळलं. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात आपोआप ओसरतं, असंही म्हणाले.

"वर्षभर," मामा गाडीत बसताना म्हणाले, "आणि खरड छाटणी एप्रिलला." मग डाव्या हाताने सीटबेल्ट ओढला.