हॉखडॉर्फचा हंडा

हॅलोविन जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: युरोपातल्या केल्ट लोकांचा पुनर्जन्मावर विश्वास होता आणि तो त्यांनी आपल्याकडूनच नेला. यातल्या पहिल्या भागाला आधार आहे. आत्मा मरत नाही, मृत्यूनंतर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित, शिकवत, हे ज्युलियस सीझरने लिहून ठेवले आहे. परलोकात फेडायच्या बोलीवर हे लोक पैसे उसने देत, असे रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस सांगतो. कर्मफळ आणि मोक्ष मात्र त्यात कुठेच नाहीत, आणि ‘आपल्याकडून नेला’ हे तर निव्वळ ठोकून दिलेले आहे. शिवाय हे लिहिणारे रोमन, म्हणजे परके. ड्रुइड आपली शिकवण लिहून ठेवत नसत. म्हणून मला केल्टांच्या कबरी जास्त विश्वासाच्या वाटतात.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ हॉखडॉर्फ गावी १९७८-७९ मध्ये योर्ग बील यांनी इ.स.पू. ५३० च्या सुमाराची एक कबर खणली. चोरांचा हात तिला लागलेला नव्हता. आत चाळिशीतला, सहा फुटांहून उंच पुरुष ब्राँझच्या बाकावर निजवलेला. बुटांवर सोन्याचे पत्रे, जवळ मासे पकडायचे गळ, चारचाकी गाडी, नऊ जणांची भांडी आणि प्यायची नऊ शिंगे. शिवाय सुमारे ५०० लिटरचा ब्राँझचा हंडा, त्यात सोन्याची वाटी आणि तळाशी वाळलेला तपकिरी थर.

हा थर मधापासून केलेल्या दारूचा, हे उडेलगार्ड क्योर्बर-ग्रोन यांनी परागकणांवरून ओळखले. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) असते. बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यातली वाळू काढायला काच खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात, त्यातूनही कवच शाबूत राहते. त्यावरची नक्षी, चिरा आणि छिद्रे कुळागणिक वेगळी असतात. गवताच्या परागाला एकच छिद्र, तर थाईम या सुगंधी झुडपाच्या परागाला सहा चिरा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की वनस्पतीचे कूळ कळते, कधी प्रजातीही.

पण पराग तर धुळीतूनही पडतात, मग मध कशावरून? बर्च, गवते अशा वाऱ्यावर विसंबणाऱ्या वनस्पती हलके, कोरडे पराग बेसुमार उधळतात. हवेतून येणारे पराग मुख्यतः त्यांचे. कीटकांवर विसंबणाऱ्या फुलांचे पराग थोडे आणि चिकट असतात, ते वाऱ्याने फारसे जात नाहीत. एखाद्या भांड्यात रानथाईमसारख्या फुलांचे पराग खच्चून भरलेले असतील, तर ते मधमाश्यांनी आणलेले. कुरण, रान, शेताचा बांध अशा निरनिराळ्या जागांची फुले एकत्र सापडली, तर मध पुष्कळ पोळ्यांतून गोळा केलेला. तेवढा मध जमवायला किती हात राबले असतील!

या दारूला इंग्रजीत मीड म्हणतात. मीड आणि आपला ‘मधु’ हे एकाच आदिम इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. नाते खरे आहे, पण ते चुलतभावांचे.

दुसऱ्या देहात जाणाऱ्याला गळ आणि हंडा कशाला लागावा? मला तरी ही पुढच्या जन्माची नाही, पुढच्या पंगतीची तयारी वाटते. सीझर या कबरीनंतर जवळपास पाचशे वर्षांनी लिहीत होता, तेवढ्या काळात श्रद्धा बदलूही शकतात. नऊ शिंगांपैकी आठ रानबैलांची होती. नववे लोखंडी, साडेपाच लिटरचे, मृताच्या डोक्याशी टांगलेले. ते यजमानाचे.