‘एकदाच वापरा’चा घोळ: मोतीबिंदूच्या ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) कचऱ्याची पार्श्वभूमी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा विषय निघाला की दोन आकडे हमखास शेजारी ठेवले जातात. पहिला वेल्समधल्या कार्डिफचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला: एका फेकोमागे (यंत्राच्या ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घ्यायची शस्त्रक्रिया) सुमारे १८२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. दुसरा मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयांच्या साखळीचा, २०१७ चा: सुमारे ६ किलो, आणि कचरा पाव किलो. भागाकार करून ‘तीसपट’ म्हणायचा मोह होतो, पण तो हिशेब कच्चा आहे. कार्डिफच्या आकड्यात निम्म्याहून जास्त वाटा खरेदीचा होता आणि तो मुख्यत्वे खर्चाच्या रकमेवरून काढला होता. म्हणजे वस्तू महाग, की प्रदूषणही जास्त! मदुराईत कचरा वेगवेगळा करून तोलला, विजेचा हिशेब धरला. फरक मोठा आहे यात वाद नाही. किती मोठा, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं.

मदुराईची काटकसर हवामानासाठी मुळीच नव्हती. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा भिंग काढून जाड चष्मा देणं हाच रिवाज होता आणि शस्त्रक्रिया शाळांच्या खोल्यांतून, शिबिरांत व्हायच्या. १९९४ ते २००१ या काळात परदेशी कर्जाच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. शिबिरात फक्त तपासणी, शस्त्रक्रिया पक्क्या रुग्णालयात आणि डोळ्यात कृत्रिम भिंग, ही घडी त्या दशकात बसली. तमिळनाडूत भिंगं स्वस्तात तयार होऊ लागली होती. रांग लांब, पैसा तोकडा. म्हणून शेजारी शेजारी दोन टेबलं, उपकरणांचे फिरते संच, आणि धुऊन पुन्हा वापरता येईल ते धुऊन वापरायचं. याच काळात छोट्या छेदाची हाताने करायची शस्त्रक्रिया रुळली. तिला फेकोचं यंत्र लागत नाही, त्यातल्या द्रवाची ये-जा सांभाळणारी कॅसेट लागत नाही. (पाटीवर मात्र तीही ‘बिनटाक्याची’ आणि फेकोही ‘बिनटाक्याची’, रुग्णाला फरक बिलावरूनच कळतो.)

खरा घोळ एका शब्दाचा आहे. वेष्टनावर गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असते. अर्थ: एकदाच वापरा. अनेकांना वाटतं की पुन्हा वापरल्यास धोका असल्याचं सिद्ध झालं आहे. तसं नाही. उत्पादकाने एकाच वापराची हमी दिली आहे, पुन्हा निर्जंतुक करण्याची पद्धत तपासून दिलेली नाही, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ. ती पद्धत तपासायला खर्च येतो, आणि तपासून दिली तर विक्री घटते. त्यामुळे घाई कुणालाच नाही. परिणामी अगदी वेगवेगळ्या जातीच्या वस्तू एकाच चिन्हाखाली आल्या आहेत.

भिंग, सुई, सिरिंज पुन्हा वापरायचा प्रश्नच नाही. स्टीलच्या ब्लेडची धार मात्र एका छेदात संपत नाही, तरी ती किती छेद टिकेल हे नजरेला कळत नाही. बोथट ब्लेडने छेद फाटका होतो आणि न शिवलेली जखम गळते. फेकोच्या टोकावरची सिलिकॉनची स्लीव्ह ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) फेऱ्यांनी सैल पडते, छेदातून पाणी निसटतं आणि ऐन वेळी डोळ्याचा पुढचा कप्पा बसतो.

कॅन्युलाची, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायच्या बारीक पोकळ नळीची, गोष्ट निराळी. तिच्यात राहिलेला व्हिस्को (शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायचा चिकट द्रव) वाळला की १३४ अंशांची वाफही त्याला हलवत नाही. उपकरणं ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासोनिक टबमधलं पाणी बदललं नसेल तर त्यातले जंतू वाफेने मरतात, त्यांचं एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) मात्र शाबूत राहतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) दुधी, दुखणं फार नाही, आणि जंतू शोधून सापडत नाहीत. याला टास म्हणतात, म्हणजे जंतूंच्या संसर्गाविना, विषारी अंशामुळे येणारी डोळ्याच्या पुढच्या भागाची सूज. उपाय साधा आणि कंटाळवाणा: वापर संपताक्षणी, वाळायच्या आत, निर्जंतुक पाण्याने नळी धुवायची. हँडपीसच्या (फेकोच्या हातात धरायच्या भागाच्या) प्रत्येक मार्गातून निदान १२० मिली पाणी सोडावं असा पाठ आहे. गडबडीच्या दिवशी पहिली काटछाट इथेच होते. शिवाय पोकळ नळीतली हवा बाहेर काढणारा, निर्वात पद्धतीचा ऑटोक्लेव्ह हवा. साध्या ऑटोक्लेव्हच्या तीन मिनिटांच्या छोट्या सायकलमध्ये वाफ आतपर्यंत पोचेलच असं नाही.

सगळ्यात वादग्रस्त वस्तू म्हणजे कॅसेट आणि तिच्या नळ्या. दिवसभर एकच कॅसेट वापरण्यावर आक्षेप येतो तो उगीच नाही. टोकाशी भिंगाचा तुकडा अडकला की काही यंत्रं नळीतला दाब सोडताना द्रव उलटा, डोळ्याकडे ढकलतात. त्या नळीत आधीच्या रुग्णाचा द्रव असेल, तर पुढचं सांगायला नको. त्यावर काही कंपन्यांनी दिवसभराची कॅसेट आणि रुग्णागणिक बदलायची नळी अशी विभागणी केली. सगळं फेका आणि सगळं वापरा या दोन टोकांपेक्षा ही वाट शहाणपणाची आहे, पण निविदांमध्ये तिला रकानाच नसतो.

मदुराईच्या साखळीत गाऊन, नळ्या, डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटल्या एकाहून जास्त रुग्णांना वापरूनही संसर्ग वाढलेला दिसला नाही. तिथल्या सहा लाखांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींमध्ये शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देणं सुरू केल्यावर एंडोफ्थॅल्मायटिसचं (डोळ्याच्या आतल्या संसर्गाचं) प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलं. मात्र ही आकडेवारी रोज तेच काम करणाऱ्या चमूची आहे. महिन्यातून एकदा ओटी उघडणाऱ्या ठिकाणी ती लावता येत नाही.

त्यानंतर इंदूर (२०१९) आणि मुजफ्फरपूर (२०२१) इथे शस्त्रक्रियांनंतर अनेकांचे डोळे गेले. अशा घटनांनंतर ‘सगळं नवं, सगळं एकदाच’ हा सूर लागतो. पण एकाच दिवसातल्या अनेकांना संसर्ग होतो तेव्हा संशयित असतो पाण्यात वाढणारा स्युडोमोनास हा जंतू आणि सगळ्यांना दिलेला एखादा द्रव. भारतात सीलबंद भिंग ज्यात बुडवलेलं असतं त्या द्रावणातूनही असा संसर्ग झाल्याची नोंद आहे. तिथे नवी बाटली फोडून काय साधणार? बॅच नंबर लिहून ठेवणं जास्त कामाचं.

कचऱ्याच्या बाजूने २०१६ च्या जैववैद्यकीय नियमांनी पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वाटणी पक्की केली आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या व हातमोजे दोन वर्षांत बंद करायला सांगितलं. नियम सांगतात ते वस्तू फेकल्यानंतरचं. भिंगाच्या खोक्यातली अनेक भाषांतली जाडजूड माहितीपत्रिका किंवा तयार पॅकमधले न वापरलेले गॉजचे तुकडे यांच्याबद्दल त्यात काही नाही. रक्त न लागलेली पत्रिकाही पिवळ्या पिशवीत पडली की भट्टीत जाते.

थेंबांच्या बाबतीत वारं अलीकडे फिरलं. अमेरिकेतल्या चार ठिकाणांच्या २०१९ च्या पाहणीत शस्त्रक्रियेच्या औषधांपैकी आकारमानाने सुमारे ४५ टक्के न वापरताच फेकलं जात होतं. २०२२ मध्ये तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं की नियम पाळून एक बाटली अनेक रुग्णांना वापरता येईल. नियम आपल्या ओपीडीतल्या सिस्टरला पाठ असलेलेच: टोक पापणीला लावायचं नाही, लागलं तर बाटली बाद, आणि उघडल्याची तारीख लेबलवर, झाकणावर नव्हे, कारण झाकणं बदलतात.