बीमला हात न लावता बीम मोजायचा कसा?

पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेगाने पळवणारं यंत्र, म्हटलं की लोक पहिलं विचारतात, या कणांच्या झोताचा, म्हणजे बीमचा, वेग किती?

वेग मोजणं त्यामानाने सोपं, दोन ठिकाणी बीम कधी पोचला ते बघायचं. खरी परीक्षा एमिटन्सची, म्हणजे बीममधले कण जागेने आणि दिशेने किती विखुरलेत ते मोजण्याची. दादरच्या पुलाचा वरून फोटो काढला तर गर्दी कुठे किती ते कळतं, पण कोण कुठे निघालंय ते नाही कळत. बीमचंही तेच, कण कुठे आहे आणि किती तिरका चाललाय हे दोन्ही एकदम कळलं पाहिजे, नाहीतर आत्ता बारीक दिसणारा बीम पुढे जाऊन पसरतो.

जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 86 मीटर लांबीचा लिनॅक4 आहे (लिनॅक म्हणजे सरळ रेषेतला अ‍ॅक्सिलरेटर), 2020 पासून एलएचसी या सर्नच्या सर्वात मोठ्या, गोल अ‍ॅक्सिलरेटरच्या प्रोटॉनचा प्रवास इथूनच सुरू होतो. यात धावतात हायड्रोजनचे निगेटिव्ह आयन, म्हणजे एक प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन. सुरवातीला, 3 एमईव्हीला (मिलियन इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाच्या एनर्जीचं माप), बारीक फटीची पट्टी, म्हणजे स्लिट, आडवी धरली की फटीच्या उंचीवरचेच कण पुढे जातात आणि भागतं. पण 160 एमईव्हीला कण पातळ पत्र्यातून आरपार जातात, जाड ठोकळा घेतला तर फटीच्या कडांना घासून विखुरतात आणि मापच बिघडतं.

मग स्लिटच्या जागी लेझर! या आयनचा दुसरा इलेक्ट्रॉन फक्त 0.75 इलेक्ट्रॉनव्होल्टने अडकलेला असतो, इन्फ्रारेड लेझरच्या एका फोटॉनकडे त्याहून जास्त एनर्जी असते, म्हणजे लेझरची बारीक रेघ बीममधून आडवी गेली की तेवढ्याच उंचीवरच्या काही आयनांचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि ते न्यूट्रल होतात. पुढे मॅग्नेट अख्खा बीम वळवतो, पण न्यूट्रल अणूला मॅग्नेट वळवू शकत नाही, तो आपल्या मूळ दिशेने सरळ जातो आणि काही मीटरवरच्या हिऱ्याच्या डिटेक्टरवर आपटतो. निघाला कुठून ते लेझरच्या उंचीवरून माहीत, पोचला कुठे ते डिटेक्टर सांगतो, दोन्हीतल्या फरकाला अंतराने भागलं की कोन मिळाला. लेझर थोडा थोडा वर-खाली सरकवत गेलं की एमिटन्सचा पूर्ण नकाशा तयार, आणि बाकीचा बीम जसाच्या तसा पुढे! मला तर ही कल्पना अफाट सुंदर वाटते.

आपल्या ट्रॉम्बेला बीएआरसीत लेहिपा नावाचा 20 एमईव्हीचा लिनॅक आहे, पण त्यात नुसते प्रोटॉन धावतात, सोडवायला इलेक्ट्रॉनच नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही.