रीफ टँकचं खाणं: आधी उपसून काढलं, मग बाटलीतून परत घातलं

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिचं सामान ठेवणाऱ्या दुकानात एकाच फळीवर दोन वस्तू दिसतात. एक पाण्यातलं फॉस्फेट शोषून घेते, दुसरी पाण्यात फॉस्फेट घालते. नवख्याला हा दुकानदाराचा डाव वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या चुका निस्तरायला आल्या.

सुरुवात माशांच्या पिलांपासून झाली. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट ॲक्वेरियमचे आल्विन सील यांनी आर्टेमिया, म्हणजे दुकानातला ब्राइन श्रिंप, माशांना जिवंत खाद्य म्हणून उत्तम असल्याचं लिहिलं. १९३९ मध्ये नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी प्लेस या चपट्या समुद्री माशाच्या पिलांसाठी तो वापरला. याची सुप्त अंडी कोरडी ठेवली की वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात एका दिवसात फुटतात. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या जिवंत खाद्यात नव्हती. भारतात हा जीव सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली नोंदवला, तोही मुंबईत, वडाळ्याच्या मिठागरांत.

पण काही ठिकाणच्या अंड्यांवर वाढवलेली समुद्री पिलं मरत होती. १९७८ साली जपानच्या वातानाबे आणि सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. सगळा आर्टेमिया सारखा नसतो: एका प्रकारात ईपीए हे समुद्री मेदाम्ल भरपूर, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. डीएचए हे दुसरं समुद्री मेदाम्ल तर दोन्हींत नगण्य. समुद्री माशांना ही मेदाम्लं स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. त्याच सुमारास बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात आर्टेमियावर मोठं काम उभं राहिलं आणि त्याला तेलकट मिश्रण चारून मगच माशाला देण्याची पद्धत रूढ झाली. ‘एन्रिच्ड’ हा शब्द इथून आला.

ही पद्धत अजूनही सर्रास चुकीची वापरली जाते, म्हणून जरा तपशिलात. उलट्या बाटलीत लिटरमागे ३० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम अंडी, पीएच ८ च्या वर, तापमान २६ ते २८ अंश, तळातून जोरदार हवा आणि वर दिवा. चोवीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात, त्यांच्या जरा वर नारिंगी पिलांचा थर जमतो. तळातलं पहिलं पाणी टाकून द्यायचं, नंतरचं नारिंगी गाळून घ्यायचं, वरची टरफलं तशीच सोडायची. ती माशाच्या पिलाच्या आतड्यात अडकतात.

नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाला खायला तोंडच उघडलेलं नसतं. आठ-बारा तासांनी कात टाकल्यावर तो खायला लागतो. फुटण्याच्या बाटलीतच तेलकट मिश्रण ओतलं, तर ते कोणी खात नाही. पाण्यावर फेस येतो, जिवाणू माजतात, ऑक्सिजन खाली येतो आणि सकाळी बाटली मेलेली असते. म्हणून स्वच्छ पाण्यात वेगळं काढून, फुटल्यानंतर बारा तासांनी, लिटरमागे ०.३ ग्रॅम मिश्रण द्यायचं आणि आणखी बारा तासांनी तेवढंच पुन्हा. मग लगेच चारायचं, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचं, कारण उपाशी आर्टेमिया मिळालेलं डीएचए स्वतःच मोडून टाकतो. मोठ्या माशांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. त्यांना गोठवलेला मायसिस हा कोळंबीसारखा छोटा जीव पुरतो. दिसायला आपल्या जवळ्यासारखा, कूळ मात्र वेगळं.

प्रवाळांची गोष्ट याच्या उलट्या दिशेने गेली. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेनंतर ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ सी. एम. यंग यांचं मत होतं की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे. पुढे मस्काटिन आणि सर्निचिआरी यांनी १९६९ मध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं की प्रवाळाच्या पेशींत राहणारी शैवालं आपलं अन्न यजमानाला देतात. छंदी मंडळींनी यातून अर्धाच धडा घेतला: उजेड द्या, खाणं विसरा. वस्तुतः शैवालांकडून मिळतं ते कार्बनने भरलेलं, नायट्रोजनला कंगाल. उसाच्या रसावर दिवस ढकलता येतो, अंग भरत नाही.

तेव्हाच्या टाक्यांत मेलेल्या खाण्याने पाणी नासायचं, त्यामुळे हा धडा सोयीचाही होता. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये नुसते जिवंत खडक (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड), समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळ सांभाळल्याचं लिहिलं होतं. जर्मन भाषिक जगात त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली आणि प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम पुरवायला पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी आणली. लिटरभर आरओ पाण्यात साधारण दीड ग्रॅम चुना विरघळतो, पीएच १२.४ च्या आसपास जातो. फक्त बाष्पीभवनाने गेलेल्या पाण्याइतकीच निवळी, रात्री, थेंबथेंब. घाई केली की पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम कार्बोनेट साकळतं, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) पडते आणि पंपांवर पापुद्रा धरतो. (पानाचा चुना रसायन म्हणून तोच, पण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. शिवाय भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरच्या टाकीत ते ठेवण्याचा प्रश्न येत नाही.)

पुढे पाण्यातून पोषकद्रव्यं काढून टाकण्याचा हा उपसा वाढतच गेला. लोहयुक्त दाणे फॉस्फेट शोषू लागले, व्होडका घालून वाढवलेले जिवाणू नायट्रेट खाऊ लागले. दोन्हींचे आकडे शून्यावर आले आणि प्रवाळ फिकुटले, वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची तपकिरी साय पसरली. २०१३ मध्ये साउदॅम्प्टनच्या विडेनमान यांच्या गटाने दाखवलं की नायट्रेट मुबलक असताना फॉस्फेटची उपासमार झाली, तर उष्णता आणि उजेडाच्या ताणाखाली प्रवाळ लवकर पांढरे पडतात. ‘जितकं कमी तितकं चांगलं’ हा हिशोब तिथे मोडला.

म्हणून फळीवर ती दुसरी बाटली. आतलं रसायन साधं आहे. लिटरभर आरओ पाण्यात स्फटिकात पाण्याचे बारा रेणू असलेलं (डोडेकाहायड्रेट) ट्रायसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम विरघळवलं, की दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं. २०० लिटरच्या टाकीत ०.०२ मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढ हवी, तर ४ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी मोजल्यावर आकडा पुन्हा शून्य दिसेल, कारण जुना खडक फॉस्फेट शोषतो. इथेच लोक दुप्पट डोस मारतात. तसं न करता रोज तेवढाच ठेवायचा, रोज मोजायचं, आणि आकडा ०.०३ वर टिकायला लागला की बाटली बंद करून माशांचं खाणं वाढवायचं, म्हणजे फॉस्फेट त्यातूनच येत राहतं.