मृद कर्बसंचय

वनस्पतींनी हवेतून घेतलेला कार्बन (कर्ब) मुळे, पालापाचोळा, शेणखत आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष यांच्या रूपाने शेतजमिनीत मुरणे व तेथे दीर्घकाळ टिकणे, तसेच हे घडावे म्हणून मशागतीत व पीकपद्धतीत केलेली योजना, यांस ही संज्ञा लावतात. जमिनीत खत मुरवण्याची रीत पुरातन असली, तरी तिच्याकडे हवामानबदलावरचा उपाय म्हणून पाहण्याची दृष्टी साधारणपणे १९९० च्या दशकात रूढ झाली. मृदेतील कर्बसाठा दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढवावा, हे फ्रान्सने २०१५ च्या पॅरिस परिषदेच्या वेळी मांडलेले उद्दिष्ट सर्व मृदांना सरसकट लागू पडेल, असे अनेक मृदाशास्त्रज्ञ मानत नाहीत.

माती तपासून शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवरील सेंद्रिय कर्बाची टक्केवारी बहुधा वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीवर आधारलेली असते. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट व संहत सल्फ्युरिक अम्ल घालतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. अखेरच्या थेंबाला निळसर जांभळे द्रावण एकाएकी हिरवे होते. बाहेरून उष्णता दिलेली नसल्याने सुमारे तीन चतुर्थांश कार्बनचेच ऑक्सिडीकरण होते, म्हणून उत्तरास सुमारे १.३ ने गुणतात. कर्बावरून सेंद्रिय पदार्थ काढण्याचा १.७२४ हा गुणक व्हॅन बेमेलेन (१८९०) यांच्या नावे ओळखला जातो. तथापि सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कार्बन असतो हे त्यामागील गृहीतक आधीच्या जर्मन रसायनज्ञांकडे, बहुधा श्प्रेंगेल (१८२६) यांच्यापर्यंत, मागे जाते. अलीकडे सुचवलेला २ च्या जवळचा गुणक अधिक ग्राह्य वाटतो.

टक्केवारी म्हणजे साठा नव्हे; साठा थराची खोली व मातीची घनता यांवरही ठरतो. स्थूल घनता (पोकळ्यांसह मातीची घनता) दर घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरल्यास एक हेक्टरावरील १५ सेंटिमीटर थरात १,९५० टन माती भरते, कर्ब ०.५ टक्के असेल तर त्यात पावणेदहा टन कार्बन असतो, आणि ०.१ टक्क्याची वाढ म्हणजे सुमारे सात टन कार्बन डायऑक्साइड होय. विनानांगरणीचे काही लाभ उथळ नमुन्यांपुरतेच दिसतात, ही शंका यामुळेच घेतली जाते. दुसऱ्या रानातून आणलेले शेणखतही पुष्कळदा संचय नसून स्थलांतर असते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, दौंड, बारामती, इंदापूर या भागांतील काळ्या जमिनींत चुनखडी आढळते. अशा मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते; तो कार्बन असेंद्रिय असून वरील पद्धतीत मोजला जात नाही, पण कोरड्या ज्वलनाने मापन करताना आधी काढून टाकला नाही तर आकडा फुगतो. या जमिनींतील चिकणमाती सेंद्रिय पदार्थास धरून ठेवते. त्याचे टिकणे रेणूंच्या स्वाभाविक चिवटपणापेक्षा खनिजकणांशी जडलेल्या या बंधावर अधिक अवलंबून असते, हे नवे मत, कुजलेल्या पदार्थाचे रेणू मुळातच चिवट असतात या जुन्या ह्यूमस-कल्पनेहून, सयुक्तिक दिसते.

उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवण्याऐवजी खोडव्याच्या सरीत पसरून, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकून ते कुजवतात. ताग किंवा धैंचा गाडणे, आंतरपिके आणि बांधावरची झाडे हे उपाय सर्वपरिचित आहेत. पश्चिमेकडील मावळ-मुळशीच्या भातपट्ट्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा व शेण जाळून राब भाजण्याची चाल आहे. त्यात तण व किडींचा बंदोबस्त होतो, परंतु मातीत जाऊ शकणारा बराचसा कार्बन धुराबरोबर निघून जातो.