साखर वर आली, तरी अंगात त्राण का नाही?

‘शुगर लो झाल्यावर गोड खाऊनही गळाल्यासारखं वाटत असेल, तर साखर अजून कमीच आहे, आणखी गोड खा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दिला जातो काळजीपोटीच, पण तो अर्धाच खरा आहे.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे धोक्याच्या वेळचं संप्रेरक, सोडतं. म्हणून तो घाम, ती थरथर, धडधड. मेंदूचं इंधनही तेवढा वेळ तुटलेलं असतं. आकडा पंधरा-वीस मिनिटांत सावरतो. या धावपळीचा शीण मात्र काही तास रेंगाळू शकतो.

साखर खरंच कमी आहे की हा नुसता शीण आहे, याची खात्री ग्लुकोमीटरनेच (बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारं घरगुती यंत्र) होते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या (पेढा नको, स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते) आणि १५ मिनिटांनी बोट टोचून पाहा. आकडा अजून सत्तरच्या खाली? मग पुन्हा तेवढीच साखर. वर आला असेल आणि तरी हातपाय गळालेले असतील, तर पोळीभाजी खाऊन पडून राहा. भीतीपोटी लाडवांवर लाडू खाल्ले तर साखर भलतीच चढते, आणि चढलेल्या साखरेनेही थकवा येतोच.

सकाळी डोकं जड, उशी घामाने ओली, असं वारंवार होत असेल तर झोपेत साखर उतरते का, हे पाहायला पहाटे तीनला एकदा तपासा. तो आकडा डॉक्टरांना दाखवा.