डोळे मिटले की मन पळतं

प्रार्थनेत मन लागत नाही, ही तक्रार कुठल्याही धर्मात ऐकू येईल. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा विकार) असलेल्या प्रौढ ख्रिस्ती माणसाची गोष्ट मात्र तेवढ्यावर थांबत नाही. पाळकांचा उपदेश चालू असताना घरचा गॅस बंद केला का, पंख्याचं कुठलं पातं खटखटतंय, अशी सगळीकडे त्याची फेरी होऊन येते. वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा संकल्प १ जानेवारीला जोरात सुरू होतो आणि सुरुवातीच्याच, नियमांनी भरलेल्या लेवीयाच्या पुस्तकाशी येऊन बसतो. (तिथे बऱ्याच जणांचा बसतो, हे खरं.) नाताळचं नाटक, संडे स्कूल, तरुण संघाची सहल, सगळ्याला तो उत्साहाने हो म्हणतो आणि त्यातलं एखादं काम साफ विसरतो. मग मंडळीतलं कुणी प्रेमानेच सांगतं, "विश्वासात कमी पडताय, प्रार्थना वाढवा." जे जमत नाही, तेच दुप्पट करा!

असं म्हणणारे फक्त चर्चमध्येच होते असं नाही. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा काही मुलांवर व्याख्यानं दिली. मुलं बुद्धीने ठीक होती, पण त्यांना स्वतःला आवरता येत नव्हतं. स्टिलने याला 'नैतिक नियंत्रणातला दोष' म्हटलं. त्याला शारीरिक कारण असावं, असंही त्याला वाटत होतं. तरी 'नैतिक' हा शब्द येऊन चिकटलाच. प्रौढांकडे लक्ष जायला तर फारच उशीर झाला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने १९६८ मध्ये हा विकार बालपणाचा म्हणूनच नोंदवला होता. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी लक्षणांची अट सहावरून पाचावर आली. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत, ही अट मात्र आहे. आज मुलाचं निदान होताना आईला किंवा बापाला स्वतःचं बालपण आठवतं आणि चाळिशीत उलगडा होतो, असं पुष्कळदा घडतं. त्यात नवल नाही, कारण हा विकार घराण्यात उतरतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातला सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिक धरला जातो. एकच एक जनुक मात्र याला जबाबदार नाही. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी छोटा.

मेंदूत घडतं ते थोडक्यात असं. कपाळामागचा भाग बेत आखतो, नको तो विचार बाजूला सारतो, हातातलं काम डोक्यात धरून ठेवतो. त्याला डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं योग्य प्रमाणात लागतात. एडीएचडीमध्ये हे नियमन डळमळीत असतं. शिवाय आपण रिकामे बसलो की मनात जे दिवास्वप्नांचं जाळं जागं होतं, ते काम सुरू झाल्यावर पुरेसं शांत होत नाही. डोळे मिटून निःशब्द बसणं म्हणजे तर त्या जाळ्याला आमंत्रणच. दूरच्या फळाची ओढही या मेंदूला कमी वाटते. डिसेंबरात बायबल पूर्ण होईल, या आनंदावर त्याला मार्चमधली सकाळ ढकलता येत नाही.

सगळ्यात घोटाळा होतो तो दुसऱ्याच गोष्टीने. सकाळी दहा मिनिटं मनन न जमणारा हाच माणूस रात्री बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या प्रवासांचे नकाशे काढून दोन वाजेपर्यंत वाचत बसतो. घरचे म्हणतात, "बघा, मनात आणलं की जमतं." पण मनात आणण्याचा इथे संबंध कमी. कामात नावीन्य, आवड किंवा निकड असेल तर लक्ष आपोआप जुंपलं जातं. नसेल तर इच्छा असूनही जुंपत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही. एडीएचडी असलेल्यांना हा अध्याय फार जवळचा वाटतो. मला यात धोका दिसतो. पौल पापाबद्दल बोलतोय. विसरलेली मीटिंग आणि उशिरा गाठलेलं चर्च त्याच खात्यात टाकलं, की माणूस ज्याची क्षमा मागायची गरज नाही त्याची रोज क्षमा मागत राहतो, आणि डॉक्टरकडे जायचं राहून जातं.

परंपरेत मात्र शहाणपण भरपूर आहे, आणि ते चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात सापडतं. इव्हाग्रियस या संन्याशाने दुपारच्या मरगळीचं वर्णन करून ठेवलंय: सूर्य हलतच नाही असं वाटतं, वाचणारा जांभया देतो, उरलेली पानं मोजतो, शेवटी पुस्तक उशाला घेऊन झोपतो. ते एडीएचडी होतं असं म्हणायचं कारण नाही. पण त्या वाळवंटातल्या संन्याशांचे उपाय बघा. त्यांच्यातलाच संत अँथनी असाच बेचैन बसलेला असताना त्याला कुणीतरी दिसलं, अशी कथा आहे. ते बसून दोर वळत होतं, मग उठून प्रार्थना करत होतं, पुन्हा बसून दोर. असंच कर, असं त्याला सांगण्यात आलं. हातांना काम, मधूनमधून उठणं, छोटी प्रार्थना. आजचे समुपदेशकही साधारण हेच सुचवतात: काम लहान तुकड्यांत करा, आठवणी डोक्यात न ठेवता घंटेवर नि कागदावर सोपवा, एकट्याने जमत नसेल तर कुणाच्या तरी सोबत बसा. जपमाळेचे मणी, चालत केलेली प्रार्थना, उपदेशाची टिपणं, पेटी-तबल्यावरची भजनं, हे सगळं यात बसतं. रात्रभराची जागरण-प्रार्थना मात्र जपून. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी लक्षाचा पार बोजवारा उडतो.

आणि औषध. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट डोपामिन परत शोषलं जाण्याचा वेग कमी करतं. साध्या गोळीचा असर काही तासांचाच. भारतात ते कडक नियमांखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. डॉक्टरही आधी थायरॉइड, नैराश्य, चिंता, झोपेचे विकार तपासतात. लक्ष फक्त उपदेशातच उडत असेल, तर दोष उपदेशातही असू शकतो. या गोळीने भूक मंदावते, नाडी वाढू शकते. म्हणून उपवासकाळात उपाशीपोटी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना आधी विचारावं. कॅथलिकांना आणखी एक शंका असते: कम्युनियनआधी (मिस्सा या उपासनेत पवित्र भाकर घेण्याआधी) तासभर काही खायचं नाही, मग मिस्साला जाण्यापूर्वी गोळी चालेल का? चर्चच्या कायद्याच्या ९१९ व्या कलमात याचं उत्तर आहे. त्या तासात पाणी आणि औषध चालतं.